सहा पायांची बरणी

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू लगेच चालू लागत नाही. आधी ते टरफलाच्या कडेला थांबतं, अंगावरची ओल वाळू देतं. त्याचा फिकट शेंदरी रंग जरा गडद होतो. मग ते वळतं आणि डोकं खाली घालतं. अंड्यांच्या दोन रांगा असतात, त्यांच्या मधोमध, खालच्या बाजूला, जागोजागी एकेक तपकिरी-काळा दाणा चिकटलेला असतो. तो सापडला की पिल्लू आपली सुईसारखी सोंड त्यात खुपसतं आणि त्यानंतर त्याचे पाय हलत नाहीत. शेजारी दुसरं येतं, तिसरं येतं. एकेका दाण्याभोवती ती गव्हाणीला लागलेल्या वासरांसारखी लागतात.

चिनात्सु उवातोको सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हे बघत होती, आणि आपण काय बघतो आहोत हे तिला कळत नव्हतं. अमामी बेटांवरून आणलेल्या या ढेकण्या किड्यांची पिल्लं तिनं आजवर खंडीभर पाहिली होती. पण ती जन्मली की भटकायची. काचेच्या बशीत गोल गोल फिरायची, कडेला धडकून परतायची, पुन्हा फिरायची, आणि काही दिवसांत फिकी पडून मरायची. त्यांच्या त्या भटकण्यालासुद्धा प्रयोगशाळेत नाव होतं, ‘बेटकरांची सहल’. इतकी शांत बसलेली पिल्लं ती पहिल्यांदाच बघत होती.

“एवढं काय बघतेयस उवातोको? लग्नाचं स्थळ आलंय का बशीत?” मागून फुकुदोमे म्हणाला. तो तिच्याहून बराच वरिष्ठ होता, आणि तिला इथलं सगळं काम त्यानंच शिकवलं होतं.

“फुकुदोमे-सान, या अंड्यांखालची राख पुसलेली नाही.”

“मग? वारा फिरलाय. कितीतरी दिवसांत ज्वालामुखीची राख इकडे आलीच नाही, तर पुसणार काय?”

“तेच विचारतेय. राख आलीच नाही, तर ही आहे कुठली?”

फुकुदोमेनं वाकून पाहिलं, नाक वर ओढलं, आणि कागोशिमाचा माणूस बोलतो तसं ठासून म्हणाला, “जुनी असेल. या गावात राख कुठे नसते? माझ्या सासूच्या कवळीत निघते.”

चिनात्सुचं शास्त्र मुळात किड्यांचं नव्हतं, हे इथे सांगायला हवं. किडे तिला आवडतही नव्हते. तिला आवडायचं गणित, आणि त्याहून जास्त एक प्रश्न: एका जातीच्या दोन जाती होतात त्या नेमक्या कधी? कुठल्या दिवशी? समेशिमा सेन्सेईंनी वर्गात फळ्यावर दोन वर्तुळं काढली होती. एक मुख्य भूमीवरचा ढेकण्या, दुसरा अमामी बेटांवरचा. दिसायला सारखे, दोघंही कुझूच्या वेलावर वाढणारे. पण मुख्य भूमीवरचा सोयाबीनच्या शेतात घुसतो आणि शेतकऱ्याच्या शिव्या खातो, बेटावरच्याला सोयाबीन दिलं तर त्याची पिल्लं मरतात. दोघांचा संकर केला तर आणखी गंमत. आई मुख्य भूमीची असेल तर पिल्लं जगतात, आई बेटावरची असेल तर जगत नाहीत. “बेटावरच्या आईकडून पिल्लाला काहीतरी कमी मिळतं,” सेन्सेई म्हणाले होते, “ते काहीतरी तिच्या जनुकांत आहे. जातीची फाळणी तिथे झालीये.” त्या ‘काहीतरी’साठी चिनात्सु या प्रयोगशाळेत आली. ती आली वर्तुळांसाठी, आणि पदरात पडले ढेकणे. पहिल्या वर्षी हाताचा वास जायचा नाही. आई जेवताना तिला दाराजवळ बसवायची.

आता प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. नव्या वर्षाच्या सुरुवातीला तो द्यायचा. वसंतात सेन्सेई निवृत्त होणार होते आणि त्यांच्या निरोपाच्या व्याख्यानात तिच्याच आकृत्या दाखवणार होते. त्यांच्या शब्दामुळे विभागातली सहायकाची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती. अशी जागा या विद्यापीठात बाईला आजवर मिळाली नव्हती. सगळं जुळून आलं होतं. फक्त ही पिल्लं गप्प बसली होती.

तिनं चिमट्यानं एक दाणा उचलला आणि अंगठ्याच्या नखावर ठेवून दुसऱ्या नखानं दाबला. साकुराजिमा ज्वालामुखीची राख कशी असते हे या शहरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. ती काचेचा चुरा असते, नखांत करकरते. हा दाणा करकरला नाही. तो मऊपणे पसरला आणि चिकट डाग झाला.

“राख नाही ही,” ती म्हणाली.

फुकुदोमे तोवर चहा करायला गेला होता.

त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा आई बाल्कनीत गाद्या झटकत होती. बाहेर वाळत घातलेल्या गाद्या. चिनात्सु दारातच थांबली.

“अगं बघतेस काय, दुसरं टोक धर,” आई म्हणाली. “वारा फिरला म्हणून जीव भांड्यात पडला बघ. उन्हाळाभर ओले कपडे घरात, ओल्या कुत्र्यासारखा वास. आता फेब्रुवारीपर्यंत काळजी नाही. राख जाऊ दे पलीकडे ओसुमीकडे. त्यांनीही थोडी खावी.”

चिनात्सुनं गादीचं टोक धरलं. “आई, दरवर्षी तू गाद्या बाहेर कधीपासून घालतेस?”

“राख थांबली की. हा काय प्रश्न झाला?”

“आणि बंद कधी करतेस?”

“सुरू झाली की! तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? प्रबंध देऊन टाक बाई एकदाचा. शेजारची नाकामिझो रोज विचारते, तुमच्या चिनात्सुचं झालं का म्हणून. मी सांगते, झालंच आहे, पुसायचं बाकी आहे.”

जेवताना चिनात्सु बोटांवर महिने मोजत होती. बेटावरच्या ढेकण्यांची पिल्लं उन्हाळ्यात मरत आणि हिवाळ्यात, शेगडीनं उबदार केलेल्या काचघरात, बरीच जगत, हे सगळ्यांना माहीत होतं. सेन्सेईंनी त्याचं कारण दिवसाची लांबी असं दिलं होतं. प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण त्यावर होतं. पण पिल्लं जगण्याचे महिने आणि आईनं गाद्या बाहेर घालण्याचे महिने एकच होते.

बेटकर ढेकण्यांना ऊब लागते, म्हणून ते इमारतीमागच्या जुन्या काचघरात ठेवलेले असत. काचघराच्या झडपा ज्वालामुखीच्या दिशेला उघडायच्या. उन्हाळ्यात पानापानावर राख बसायची, आणि राखेनं अंड्यांना बुरशी लागते म्हणून रोज सकाळी कुंचल्यानं अंड्यांच्या रांगा वरून, खालून, मधून पुसून काढायचा शिरस्ता होता. फुकुदोमेला तो त्याच्या वरिष्ठानं शिकवला होता, त्या वरिष्ठाला त्याच्या वरिष्ठानं. मुख्य भूमीवरचे ढेकणे इमारतीत, बंद खोलीत. तिथे राख नाही, म्हणून कुंचला नाही, म्हणून दाणे जागच्या जागी. इतकी साधी गोष्ट. या शहरात पुसण्याचं कारण कोणी विचारत नाही. मोटारीची काच पुसतात, दुकानातलं फळ पुसतात, थडग्यांवर छप्पर घालतात आणि तरी थडगी पुसतात.

मग इतकी वर्षं त्यांनी मोजलं काय? जाती, की वारा?

दुसऱ्या दिवशी तिनं डागाचा एक ठिपका काचपट्टीवर घेतला आणि विद्यापीठाच्या दुसऱ्या टोकाला निइरोबाईंकडे गेली. निइरो उन्हातान्हात रचलेल्या मडक्यांतल्या काळ्या व्हिनेगरवर काम करायची. तिच्या खोलीत शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं. बाई चिनात्सुपेक्षा वयानं मोठी, एकटी राहणारी, मोठ्यानं हसणारी. तिच्या हाताखाली ना कोणी सहायक होता, ना तिला कोणी जागा देत होतं.

निइरोनं काचपट्टी रंगवली, भिंगाखाली धरली आणि बराच वेळ नुसतं “अच्छा, अच्छा” करत राहिली.

“काय आहे?” चिनात्सुनं विचारलं.

“जिवाणू. एकाच प्रकारचे, खच्चून भरलेले. कुठून काढलेस?”

“ढेकण्याच्या अंड्याखालून. आई घालते ते अंड्यांबरोबर. पिल्लं जन्मल्याबरोबर तेच चोखतात.”

“म्हणजे विरजण,” निइरो म्हणाली. “आई पोरांना विरजण ठेवून जाते. आणि तुम्ही ते रोज सकाळी पुसता?” ती हसायला लागली, आणि चिनात्सुचा चेहरा बघून थांबली. “माफ कर. पण तुम्ही उत्क्रांतीवाले किड्यांवरचे जुने लेख वाचत नाही का? हे दाणे आधी कुणाला तरी दिसले असणारच.”

“आम्ही वर्तुळं काढतो,” चिनात्सु म्हणाली. मग तिनं मनात घोळत असलेलं विचारलं. “निइरो-सान, पिल्लू याच्याशिवाय जगत नसेल, तर हे पिल्लाचा भाग आहे का? मी जेव्हा म्हणते बेटावरची जात, तेव्हा ती जात कोणाची? किड्याची की याची?”

“मला नको विचारूस. माझ्या दृष्टीनं तुझा ढेकण्या म्हणजे सहा पायांची बरणी. आतला माल इकडून तिकडे न्यायला बरी.”

“चेष्टा करू नका.”

“चेष्टा नाही करत. तू मला विचारलंस तर मी मालाच्या बाजूनं बोलणार. तू बरणीच्या बाजूची आहेस.” निइरोनं काचपट्टी परत दिली. “दोन्ही बाजूंचं कोणी मला अजून भेटलेलं नाही. शिकायचं असेल तर ये. पण सांगून ठेवते, हे जिवाणू बाहेर वाढायला तयार होणार नाहीत. असल्यांचा स्वभाव मी ओळखते. वर्षं जातील. आणि माझ्याकडे तुला द्यायला एक स्टूल आहे, तेही हलतं.”

चिनात्सुनं त्यानंतर जे केलं ते कोणाला न सांगता केलं. बंद खोलीतल्या मुख्य भूमीच्या ढेकण्यांची अंडी घेतली, सेन्सेईंच्या आवडत्या, कधीही न मरणाऱ्या वंशाची, आणि त्यांचे दाणे कुंचल्यानं काढून टाकले. पिल्लं जन्मली आणि भटकू लागली. गोल गोल, कडेला धडकून परत. तिनं त्यांना कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा दिल्या, ती शेंगेवर चढली, उतरली. ती फिकी पडत गेली तेव्हा तिला शोध लागल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. धडधाकट घरातली मुलं आपण आजारी पाडली, असं वाटलं.

मग तिनं दाणे बदलले. बेटाच्या पिल्लांना मुख्य भूमीचा दाणा, मुख्य भूमीच्या पिल्लांना बेटाचा. इथे उत्तर सरळ मिळेल अशी तिची अपेक्षा होती. मिळालं नाही. बेटाची पिल्लं परक्या दाण्यावर आणि सोयाबीनवर टुणटुणीत वाढली. स्वतःच्याच दाण्यावर ठेवलेली काही जगली, काही नाही. मुख्य भूमीची पिल्लं बेटाच्या दाण्यावर वाढली खरी, पण मग त्यांनी घातलेली अंडी निम्मीशिम्मी उबलीच नाहीत. म्हणजे फरक होता. फक्त तो किड्यात होता, की दाण्यात, की दोघांच्या जमण्या-न जमण्यात, हे तिला सांगता येईना. एका जातीचे दोन प्रकारचे दाणे? दोन जाती, आणि दाणे त्यांना ओढून नेणारे? रात्रीची झोप तिची कधी मोडली नव्हती, तीही आताशा लागेना.

तिनं सेन्सेईंना पिल्लं दाखवली. दाखवायलाच हवी होती. समेशिमा सेन्सेई सूक्ष्मदर्शकावर वाकले आणि खूप वेळ वाकून राहिले. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस विंचरलेले होते. ती वाट बघत राहिली की ते रागावतील, किंवा खोडून काढतील.

“सुंदर,” ते म्हणाले. “दाण्याला बघ कशी बिलगलीयेत.” ताठ होऊन त्यांनी चष्मा पुसला. “प्रबंधाच्या शेवटी एक परिच्छेद घाल. अंड्याखालच्या दाण्यांचा परिणाम तपासायला हवा, असा. बाकी आहे तसं राहू दे.”

“पण सेन्सेई, तिसरं प्रकरण—”

“तिसरं प्रकरण आपण तेव्हा जे पाहिलं ते सांगतं. खोटं काही नाही त्यात. आधी जागेवर बस. मग त्या जागेवर बसून हवं तर सगळं मोडून टाक, माझंसुद्धा. जागा नसलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही, उवातोको. मी फार बघितलंय.”

ते प्रेमानं बोलत होते, आणि बोलणं चुकीचंही नव्हतं. म्हणून ते जास्त अवघड होतं. ती “विचार करते” म्हणाली. पुढच्या आठवड्यातही “विचार करते” म्हणाली. फुकुदोमेनं तिला ‘विचारकर्ती’ असं नावच ठेवलं.

“विचारकर्तीबाई, चहा घेणार की विचार करणार?”

“घेते.”

“मी सांगू? पुसायला मी शिकवलं तुला. तेव्हा राग माझ्यावर काढ. सेन्सेईंच्या शेवटच्या व्याख्यानात वाळू नको घालूस.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “माझा स्वतःचा प्रबंधही त्याच काचघरातला आहे, माहितीये ना तुला?”

तिला माहीत होतं. म्हणूनच तिनं त्याच्याकडे न बघता चहा प्यायला.

वर्ष संपायला आलं की प्रयोगशाळेची माणसं फेरीबोटीनं साकुराजिमाला जात आणि तिथली लिंबाएवढी संत्री पिशव्या भरभरून आणत. डोंगर वर धूर सोडत असे आणि त्याच्याच मातीत वाढलेली ही गोड फळं माणसं खात. यंदा सेन्सेईंची शेवटची खेप, म्हणून त्यांनी चिनात्सुला मुद्दाम बोलावलं. फुकुदोमे तर होताच.

पलीकडचा किनारा इतका जवळ आहे की बोटीवर चढल्याबरोबर उदोनच्या दुकानाशी रांग लागते आणि शेवया तोंड पोळवत गिळाव्या लागतात. तरीही बोटीवर उदोन न खाणारा माणूस कागोशिमाचा नव्हे. तिघं कठड्याजवळच्या बाकावर वाडगे घेऊन बसले. वर तळलेली माशाची वडी, कांद्याची पात. हवा स्वच्छ होती, धूर सरळ पलीकडे चालला होता.

“लवकर खा,” फुकुदोमे म्हणाला, “मागच्या वर्षी माझा रस्सा अर्धा राहिला. अजून डोळ्यांसमोर येतो.”

“तू वडी राखून ठेवतोस शेवटी, म्हणून,” सेन्सेई म्हणाले. “वडी आधी खावी.” मग चॉपस्टिक वाडग्यावर आडव्या ठेवून ते चिनात्सुकडे वळले. “कार्यालयानं पुन्हा विचारलंय. मी किती दिवस आज-उद्या करणार? व्याख्यानाच्या आकृत्याही करायला टाकायच्या आहेत. बोट लागायच्या आत सांग. देतेयस ना?”

चिनात्सुनं वाडगा दोन्ही हातांत धरला होता. वाफेनं तिचा चष्मा धूसर झाला होता आणि तो पुसायचा धीर तिला होत नव्हता. तिनं तयार केलेली वाक्यं होती, पुराव्यांची, एकामागून एक. त्यांतलं एकही आठवेना. धक्का दिसायला लागला होता, दोर टाकणारी माणसं दिसायला लागली होती.

“मला काय सापडलंय तेच कळत नाही, सेन्सेई,” ती म्हणाली. “दोन जाती आहेत की नाहीत, तेही आता सांगता येत नाही मला.”

“कोणालाच सांगता येत नाही. तरी प्रबंध द्यावा लागतो.”

“हो.”

“मग?”

फुकुदोमे चावायचा थांबला होता. त्याच्या गालात वडी तशीच होती.

“तुमच्या आकृत्यांत माझ्या उन्हाळ्याच्या आकृत्या घालू नका,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःला अनोळखी वाटला, जरा मोठाच निघाला, शेजारच्या बाकावरची म्हातारी वळून बघू लागली. “मी प्रबंध देत नाहीये. जागाही घेत नाहीये. नवीन वर्षापासून मी निइरोबाईंच्या खोलीत बसणार, जिवाणू वाढवायला शिकणार, आणि मग ढेकण्या आणि त्याचा दाणा, दोघांचं मिळून, पहिल्यापासून सुरू करणार.”